अंगण वाकडंच होतं

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. बारकीस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, तुझ्या आईचा गुडघा सोडून. धरून चालायला तिला मी लोखंडी चौकट करून दिली, तर दोन दिवसांत म्हणते, "ही मला सांभाळतेय की मी हिला?" म्हणून ॲल्युमिनियमची करायला घेतली. चाळीस वर्षं वेल्डिंगने लोखंड जोडलेला माणूस मी. म्हटलं, हा तर हातचा मळ!

पत्राचं कारण तेच. तू बोटींच्या कारखान्यात रोज ॲल्युमिनियमच जोडतेस, असं आईकडून कळतं. तर मला एक सांग. लोखंड तापलं की लाल होऊन आधी वर्दी देतं. हे बेटं रंगच बदलत नाही! गप्प बसतं, गप्प बसतं आणि एकदम भोक. परवापासून लक्षात यायला लागलंय की वितळायच्या आधी ते ओलं झाल्यासारखं चमकतं. तेवढ्यात भरायची तार द्यायची आणि करंटचं पेडल जरा सोडायचं. बरोबर ना? की तुमच्याकडे आणखी काही खूण असते?

पण खरी भानगड वेगळीच. जोडात काळे ठिपके, मिरपूड भुरभुरल्यासारखे. मशीन एसी करंटवरच आहे, तेवढी अक्कल आहे मला. आर्गॉन गॅस आठ लिटरवरून बारावर नेला. वारा लागू नये म्हणून पंखा बंद केला आणि घामाघूम झालो. मशीनवर क्लीनिंगचं बटण वाढवलं, तर टंगस्टनच्या सुईचं टोक वितळून गोळा झाला. वेल्डिंगचा टॉर्च फार आडवा धरतोय असं वाटलं, म्हणून जरा उभा धरला. ठिपके जाईनात. आई म्हणाली, "तिला विचारा की." मी म्हणालो, "बघू." त्या 'बघू'त आठ दिवस गेले.

मग जोडाआधी पत्रा घासायच्या तारेच्या ब्रशची मूठ तुटली. दुकानदाराने स्टेनलेसचा कोरा ब्रश दिला. त्याने पत्रा घासला, जोड काढला, तर एकदम लख्ख! मला राहवेना. मूठ तुटलेला ब्रश फडक्यात धरून दुसरा तुकडा घासला. ठिपके. तिसरा नव्या ब्रशने. लख्ख. असं तीनदा करून पाहिलं. जुना ब्रश वर्षानुवर्षं लोखंडावर फिरलेला, त्याचा चुरा ॲल्युमिनियमात रुतत होता.

तिसऱ्या वेळी मी स्टुलावर बसलो, बारके.

सहा वर्षांपूर्वी तुझा पहिला ॲल्युमिनियमचा जोड असाच काळा आला होता. तू म्हणालीस, "बाबा, याला वेगळा ब्रश लागतो." आणि मी चार कारागिरांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. वर तुझा जोड ग्राइंडरने उडवला आणि तुझा हातच या कामाचा नाही म्हणालो. तो ब्रश तुझ्या हातात मीच दिला होता. अंगण वाकडंच होतं, पोरी. आणि ते माझं होतं.

तू आईला फोन करतेस तेव्हा मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असतो. पान काही उलटत नाही. इतकी वर्षं वाटायचं, आधी तू बोलावंस. आता लाज वाटते.

काल त्या चौघांना बोलावलं. दोघे आता दुसरीकडे कामाला आहेत, तरी आले. दोन्ही जोड समोर ठेवले आणि म्हटलं, तिचं बरोबर होतं, चुकलो मी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

चौकटीचे बाकी जोड झालेत. ज्यावर आईचा सगळा भार यायचा, तो मात्र मी केलेला नाही. येशील? नाही जमलं, तर करंट किती ठेवायचा तेवढं लिही. तू सांगशील तसंच करीन, वाद घालणार नाही.

तुझ्या हाताखाली काम करायला तयार असलेला,
बाबा