दुधी उजेडाचं छत

प्रिय बुरुल,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "आई, जेवलीस का, बाबा बरे ना," एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. म्हणून कागदावर लिहितेय. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या उल्कानची मुलगी अल्माटीला निघालीय, तिच्या हाती देईन. सोबत बोरसोक, तुझे ते पिठाचे गोळे, तळून दिलेत. सगळे ऑफिसात वाटू नकोस, चार तरी स्वतः खा.

कारखान्यात यंदा काळ्या कोटांचं मोठं काम आलंय. काळं कापड आणि काळाच दोरा. जुन्या छतातले ते पारदर्शक पत्रे आठवतात ना? ऊन थेट मशीनवर यायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग शिडी लावून आम्हीच वर वर्तमानपत्रं चिकटवायचो आणि भर दुपारी दिवे लावून शिवायचो. थंडीत त्या पत्र्यांना घाम फुटायचा आणि थेंब कापडावर पडायचे. आता तू आखलेल्या नव्या छताच्या दुधी प्लास्टिकमधून उजेड कसा सगळीकडे सारखा पसरतो, हाताची सावलीसुद्धा पडत नाही. काळ्यावरचा काळा टाका दिसतो गं मला, या वयात, चष्म्याशिवाय! नव्या पोरी विचारतात, छत कुणी केलं? मी मान वर न करता सांगते, "माझ्या मुलीनं." लगेच उल्कान म्हणते, "झालं! आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐका."

ती गोष्ट मी खरंच सगळ्यांना सांगते. तो शहरातला विक्रेता स्वस्तातला पातळ पत्रा घेऊन आला होता आणि आमच्या मालकीणबाई, मैराम एजे, जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. तू काही वाद घातला नाहीस. तो पत्रा दोन बाकांवर आडवा ठेवलास आणि त्या माणसाला म्हणालीस, "बसा यावर." तो हसला. तू म्हणालीस, "नाही, खरंच बसा. चहा इथेच देते." तो काही बसेना. तेव्हा मैराम एजे ओरडल्या, "अरे, तुझ्या मालावर तूच बसत नाहीस आणि मी तो चाळीस बायकांच्या डोक्यावर लावू?" त्यानंतर तू सांगशील तसं झालं. जाड, पोकळ थरांचे घुमट, उन्हानं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वरून लेप, बर्फाखाली बुडू नयेत म्हणून उंच कठडा. आणि प्रत्येकाखाली पोलादी जाळी. त्या जाळीवर मात्र तुझे बाबा बॉयलरच्या खोलीतून येऊन हसले होते, "एवढी जाळी कशाला? छतावर मेंढ्या चरायला सोडणार आहात का?" तू म्हणालीस, "बाबा, प्लास्टिक म्हातारं होतं. आज पेलेल, दहा वर्षांनी पेलेलच असं मी लिहून देणार नाही."

आता जे तुला सांगू नकोस म्हणून बाबांनी मला बजावलंय, ते सांगते. फेब्रुवारीत बर्फ थांबेचना. छतावर एवढा साचला की कुठे पत्रा आणि कुठे घुमट काही कळेना. उंच कठडेसुद्धा दिसेनासे झाले. तरणी माणसं रस्त्यात अडकलेली, म्हणून तुझे बाबा फावडं घेऊन वर चढले. मी खाली माझ्या मशीनवर होते. डोक्यावर एकदम कडाड् आवाज झाला आणि उल्कान किंचाळली. वर पाहिलं तर घुमटाला भोक पडलेलं, बर्फ भसाभसा खाली येत होता आणि जाळीवर पालथे पडलेले तुझे बाबा, गाल तारांना टेकलेला, थेट माझ्याकडे बघत होते. खाली सिमेंटची फरशी, दोन मजल्यांएवढी खोल. तेवढ्यात वरून तेच म्हणाले, "ओरडू नका गं, पोरीची जाळी आहे ही."

त्यांना दोर लावून काढलं. बरगड्या दुखावल्या, बाकी काही नाही. खाली आल्यावर आधी चहा मागितला आणि पेला दोन्ही हातांनी धरून बसले. तुला कळलं तर तू सगळं सोडून धावत येशील, म्हणून गप्प राहायचं ठरलं. पण स्वतः गप्प बसतील तर ना! बाजारात, हमामखान्यात, शेजारच्या कारखान्यात, सगळीकडे सांगून झालंय. मैराम एजेंनी जाळीला हात लावून पाहिला आणि दुसऱ्या हॉललाही अशीच घालायला सांगितली. बाबा तर पाहुण्यांना आता आधी छत दाखवतात, मग घर.

मागच्या रविवारी तू बोलता बोलता म्हणालीस की तू आता आखतेस त्या नव्या गोदामाचे मालक जाळी काढा म्हणतात, तुझ्या साहेबांचंही तेच मत आहे, तू थकलीस आणि या वेळी जाळीशिवायच्या आराखड्यावर सही करून टाकणार आहेस. तेव्हापासून माझं शिवणात लक्ष नाही. नोकरी तुझी, भाडं तुला भरायचंय, काय करायचं ते तूच ठरव. पण त्या छतावरही बर्फ साचेल आणि कुणीतरी फावडं घेऊन वर चढेल. त्याचं नाव तुला कधीच कळणार नाही. इथल्या माणसाचं तरी कळावं, म्हणून त्यांची आज्ञा मोडली. ते आत्ता माझ्यासमोर बसलेत, मटणाच्या शोर्प्याचा दुसरा वाडगा मागतायत आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतायत.

तुझ्या उजेडात शिवणारी,
तुझीच आई