बाबांचे तपकिरी वाटाणे

पेन्झान्स, मार्च

विल्फ्रेडदादा,

आम्ही मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे?

बाबांच्या तपकिरी वाटाण्याचं बी म्हणून तू जे पाठवलंस, त्याला पांढरी फुलं आली. बाबांचा वाटाणा जांभळा फुलतो, हे आपल्या डरहॅमातलं शेंबडं पोरही सांगेल. दुकानातलं बी बहिणीच्या गळ्यात मारलंस!

पण मी तुला ओळखून होते. बाबांना पुरलं त्याच दिवशी त्यांच्या बरणीतले मूठभर खिशात टाकले होते. गेल्या उन्हाळ्यात परसात पोतंभर झाले.

तुझं बी उंदरांनी फस्त केलं म्हणे, म्हणून आता माझ्याकडे मागतोस. ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी आपल्याकडे हे वाटाणे हवेतच. यांच्या हाती डबाभर पाठवतेय. उकडून, लोण्यात परतलेत. व्हिनेगर शिंपडून खा. पेरलेस तरी उगवायचे नाहीत.

तुझीच बहीण,
हेटी