नानांनी केलेला नदीचा नियम

लश्कर, ग्वाल्हेर
१२ डिसेंबर १९५६

तीर्थरूप आईस,
मधूचा पायावर डोके ठेवून नमस्कार.

इकडे थंडी फार आहे, पण तू विणलेला स्वेटर रोज घालतो. शामलाताईकडे राहायला गेल्यापासून तुझे गुडघे कसे आहेत?

नवं मध्यप्रदेश राज्य झालं, म्हणून आमच्या कचेरीचं दप्तर भोपाळला गेलं. कोणते जुने नियम पुढे चालवायचे, ती यादी मी केली. एका मोडी लिपीतल्या गठ्ठ्यावर नानांची, ते इथे सफाईखात्याचे साहेब असतानाची, सही होती. त्यांचाच मुलगा मी, पण मला वाचता येईना. जुना पत्रव्यवहार असेल म्हणून रद्दीत घातला.

परवा नानांच्या हाताखालचा सूर्याजी सफाई जमादार आला. म्हणाला, "कचऱ्याच्या गाड्या आता नदीत रिकाम्या होतात. नानासाहेबांची मनाई होती, ते खड्ड्यात खत करवून घ्यायचे. नवे साहेब म्हणतात, नियम दाखवा."

तोच तो गठ्ठा असणार, आई. मी सूर्याजीला चहा दिला, पण तो नियम मीच रद्दीत घातला, हे सांगितलं नाही.

तू मोडी शिकायला बसवायचीस, मी "हिंदीत सगळं चालतं" म्हणून पळायचो.

तू सोबत नेलेल्या नानांच्या ट्रंकेत त्या नियमाचा कच्चा मसुदा आहे का, बघशील? नसला, तर नाही असं कळवू नकोस. शोधते आहे, एवढंच लिही.

तुझाच,
मधू