चहाच्या डागाची चौकट

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पाच वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग चष्मा शोधशील (तो डोक्यावर असेल). गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला? मी ठणठणीत आहे. वजन जरा उतरलंय, पण या वयात ते बरंच म्हणतात. घरी मी आणि गळका नळ, दोघेही आपापल्या जागी.

लिहायला तसं खास कारण नाही. इस्पितळाच्या दाखल-खिडकीवर मी अजून तोच, खुर्चीही तीच. मध्यंतरी आमच्या अधीक्षकांच्या (पाठीमागे आम्ही त्यांना 'शिक्का' म्हणतो) डोक्यात आलं, की दाखल व्हायचा कागदी अर्ज बंद करायचा. तो स्कॅन करून कॉम्प्युटरवर असा बसवायचा, की एकाने भरावा, छापावा आणि पुढच्याला पुन्हा कोरा मिळावा. काम कुणाच्या गळ्यात पडलं हे तुला सांगायला नको. बरं, मूळ कोरा अर्जच कुणाकडे सापडेना! बावीस वर्षं आम्ही झेरॉक्सची झेरॉक्स काढत आलो, त्यामुळे निम्म्या रेषा झिजलेल्या, आणि 'वय'च्या खाली कुणाच्या तरी कपाचा गोल डाग (कुणाच्या म्हणजे माझ्याच, पण ते आता कशाला). मी तसाच स्कॅन केला. कॉम्प्युटरने रेषा ओळखून भरायच्या जागी आपोआप चौकटी आखल्या. डागालाही एक आखली. माझ्या ते लक्षातच आलं नाही.

लोक अर्धा अर्ज रिकामा सोडून जातात याचा मला जन्माचा राग. म्हणून सगळ्या चौकटी एकदम निवडल्या आणि सक्तीच्या करून टाकल्या. एक जरी रिकामी राहिली तरी अर्ज लाल होतो आणि पुढे सरकत नाही. वर कुणी हात लावू नये म्हणून पासवर्ड घातला. तो विसरलो. झालं! तेव्हापासून प्रत्येकाला डागही भरावा लागतो. इथे काय लिहायचं म्हणून विचारतात, मी म्हणतो, सुचेल ते सांगा. एका शिक्षिकेने 'लागू नाही' लिहायला लावलं. एक सुतार म्हणाला, लिहा, घरी कुत्रा एकटा आहे. एक आजी म्हणाली, लिही बाबा, भीती वाटते. मी टाइप केलं. शिक्क्याला कळल्यावर तो माझ्यावर असा उखडला की विचारू नकोस, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी आधी तीच चौकट वाचते, राहू दे. त्यामुळे ती राहिली. दिवसभर ते टाइप करून मला मात्र घरी जेवण जात नाही. फार उदास वाटतं, ताई.

असो. आईच्या शिलाई मशीनचा विषय मी काढत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : ठणठणीत वगैरे लिहायचं म्हणून लिहिलं. पोटात गाठ निघाली आहे, बुधवारी ऑपरेशन. काल माझ्याच खिडकीत बसून माझाच अर्ज भरला आणि 'जवळचे नातेवाईक' इथे अडलो. मशीनवरून भांडताना तू म्हणाली होतीस, बहीण मेली असं समज. पाच वर्षं प्रयत्न केला, जमलं नाही. चौकटीत नुसती रेघ मारून पाहिली, तर छापील अर्जावर नातेवाइकाची सही लागते. तेव्हा तुला न विचारता तुझं नाव घातलंय. त्या दिवशी सकाळी आठला सहीसाठी यावं लागेल. मशीन तूच ठेव, मला कुठे शिवता येतं!

आणखी ता. क. : डागाच्या चौकटीत मला काही सुचेना. इतक्या लोकांना 'सुचेल ते सांगा' म्हणणारा मी, अर्धा तास नुसता बसून होतो. शेवटी 'ताई येईल' लिहिलं. अर्ज लगेच पुढे सरकला. छापूनही झाला. आता तू बघ.