येतो म्हणून गेलेला

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस आजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तुझं मला अर्धंच ऐकू येतं आणि माझं बोलून व्हायच्या आत तू फोन ठेवतेस. पत्र तसं मध्येच तोडता येत नाही. फाडलंस तरी आधी वाचशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंत मास्तरांनी जे डोक्यात कोंबलं त्यावर आजवर चाललंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नकोस, मजकूर शोध.

मजकूर असा, की तुझ्या आईला लिफ्टवाल्याने मागणी घातली आहे. तिच्या हॉस्पिटलात तळघरात धुलाईखाना आहे ना, तिथे मळक्या चादरी खाली आणणारी लिफ्ट सारखी अडकते. हा ती सोडवायला यायचा. आधी लिफ्ट बिघडली की यायचा, हल्ली बिघडली तर नाही ना हे बघायला येतो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बोलतो इतकं कमी की मला बहिरीला काही चुकल्यासारखं वाटत नाही. एकदा घरी आला होता. स्वयंपाकघरातला तो अडणारा खण त्याने न सांगता बाहेर काढला, कडेला साबण घासला, परत बसवला आणि चहा प्यायला. मला माणूस पसंत आहे. मी तिची सासू असून मला पसंत आहे, हे ध्यानात घे.

त्याची कंपनी त्याला मार्चअखेर लांबच्या शहरात पाठवते आहे. तुझ्या आईला घेऊन जाईन म्हणतो, मलाही घेऊन जाईन म्हणतो, म्हणजे थोडा वेडाही आहे. वकील म्हणाला, इतकी वर्षं नवऱ्याचा पत्ता नसेल तर लग्न मोडून मिळतं. सगळं जुळलंय, अडलंय ते तुझ्यापाशी. तुझी आई म्हणते, पोरगी मनापासून हो म्हणाली तरच. आणि पोरगी फोनवर म्हणते, बाबा येणार आहेत. अगं, तुझा बाप गेला तेव्हा तू पाचवीत होतीस, आता लोकांचं रक्त तपासायला शिकतेस. पुष्कळ झालं.

लोभ आहेच. उत्तर नीट आलं तर वाढेल.

तुझी आजी


दि. ११ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर लागलं, टोमणेही लागले. इथे सगळं ठीक आहे. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी आणि एक खिडकी, खिडकीवरून रोज भांडण. परवा मला पहिल्याच टोचणीत एका माणसाची शीर सापडली. तुझ्या गुडघ्याचं काय? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस?

आजी, तुला वाटतं मी हट्ट करते. तसं नाही, मी विचार करून बोलते. तू ‘अठरावं यान’ ही मालिका पाहिली नाहीस म्हणून थोडक्यात सांगते. पृथ्वी बुडते, सतरा यानं नष्ट होतात, अठरावं उरतं. त्यातल्या माणसांना वाट दाखवणारा तो तारक. गेल्या पर्वाच्या शेवटी यानाला भगदाड पडलं आणि सगळ्यांना वाचवायला तारक एकटा बाहेरच्या काळोखात गेला. दार उघडण्याआधी तो एकच शब्द बोलला, येतो. त्यानंतर तो दिसलेला नाही, पण त्याचं प्रेतही दाखवलेलं नाही. यानातलं यंत्र रोज मेलेल्यांच्या नावाने प्रार्थना करतं, त्यात तारकाचं नाव घेत नाही. त्याच्या खोलीतला दिवाही जळतो आहे.

आमचा ‘तारकाची लेकरं’ म्हणून गट आहे, हजारो माणसांचा. त्यात मी मांडलं की जगातल्या कुठल्याही धर्मात तारणारा आधी हरवतो. कुणी पाण्यात, कुणी जमिनीखाली, कुणी अंधारात. हरवल्याशिवाय परत येणं नाही आणि परत आल्याशिवाय तो देव नाही. म्हणून येतो हे वचन आहे. मी हे लिहिल्यावर एका बाईंनी मला कळवलं की कित्येक महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

आणि आजी, बाबाही दारात उभे राहून येतो म्हणाले होते. माझ्याकडे बघून. कायमचा निघालेला माणूस असं म्हणत नाही. ते आले आणि घरात दुसराच कुणी बसलेला दिसला तर? आईला सांग, मी नाही म्हटलंय. तिला माझं हे म्हणणं पटेल.

रागावू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी टिटवी


दि. १९ फेब्रुवारी

चि. टिटवीस आशीर्वाद.

वि. वि. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे बसून तुझं यान बघितलं. सगळं. आठवडाभर दुपारची झोप घालवली. ती बाई काज करता करता रडत होती, मी शेंगदाणे खात होते.

तारक म्हणे! मारक आहे मेला. यानात भोकं बुजवायला शिकलेली माणसं पगारावर बसलेली असताना हाच कशाला उठून जातो? बायको पोटुशी, तिच्याशी धड बोलत नाही, आणि साऱ्या जगाला तारायला निघाला. असले पुरुष मी जमिनीवरच पुष्कळ पाहिलेत, त्यासाठी आकाशात जायला नको. तो दिवा जळतोय कारण कुणी विझवला नाही. तुम्ही लोकांनी त्यात देव पाहिलात, मला आळस दिसला. यंत्र प्रार्थना करतं ते तेवढं मला आवडलं. रोज करतं आणि काही मागत नाही. आपल्यात असं एक माणूस दाखव.

आता तुझ्या त्या शब्दाचं. अगं शहाणे, जाताना जातो म्हणू नये म्हणून येतो म्हणतात. दूधवाला म्हणतो, वायरमन म्हणतो, ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही तो पाहुणाही म्हणतो. तुझे आजोबा शेवटचे हॉस्पिटलात गेले तेव्हा स्ट्रेचरवरून येतो गं म्हणून गेले. मी काय दारात पाट मांडून बसले? ते वचन नसतं. दार ओढून घेतल्याचा आवाज असतो तो.

तुझा बाप त्या दिवशी भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट हातावर टाकून निघाला होता. तू शब्द ऐकलास, मी कोट पाहिला. घामाच्या दिवसात थंडीचा कोट नेणारा माणूस संध्याकाळी जेवायला परत येत नसतो. तो मेलेला नाही, ते मनात आणू नकोस. अशा माणसांना मरण येत नाही, कंटाळा येतो. मी त्याला जन्म दिलाय, मला त्याच्यावर श्रद्धा ठेवायची गरज नाही, मी त्याला ओळखते.

तुझी आई पहाटे उठते, दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ता-मुताच्या चादरी उकळते, संध्याकाळी येऊन माझे पाय चेपते. लिफ्टवाल्याने विचारल्यापासून ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली होती. मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात. तुझा नकार आल्यापासून ओठ मिटलेत. तिने मला सांगितलं, पोरीचं म्हणणं बरोबर असेल. तिला पटलं नाही, ती दमली. दोन्हींतला फरक तुझ्या गटाला विचार.

पुन्हा विचार कर आणि हो म्हण. मायेचं म्हणशील तर ती पातळ होत नाही, करपते.

आजी


दि. २६ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कोटाचं मला माहीत नव्हतं. तू इतकी वर्षं बोलली नाहीस आणि आता बोलतेस, तेही तुला मला हरवायचं आहे म्हणून. तू त्यांची आई ना? स्वतःच्या मुलाची वाट न बघणारी आई मी मालिकेतही पाहिली नाही.

तुला माझा हट्ट वाटतो ना, मग मी निकालच लावते. बावीस मार्चला ‘अठरावं यान’चं शेवटचं पर्व सुरू होतंय. पहिल्याच भागात कळेल असं त्यांनी जाहीर केलंय. तारक परत आला नाही तर मी चुकले, आणि मी आईला हो म्हणेन, मनापासून. आला तर मात्र यापुढे हा विषय घरात काढायचा नाही. तूही नाही आणि त्या लिफ्टवाल्यांनीही नाही.

इथे परीक्षा जवळ आल्या आहेत. तोवर पत्र पाठवू नकोस. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

टिटवी


दि. ५ मार्च

टिटवे,

पाठवू नको म्हणालीस म्हणून पाठवते आहे. आशीर्वाद गृहीत धर.

तुझं पत्र तुझ्या आईने माझ्या हातातून घेऊन वाचलं. मला वाटलं रडेल. ती हसली. म्हणाली, माझं पहिलं लग्न पत्रिका बघून ठरलं, हे टीव्ही बघून ठरू दे. मग चकचकीत पातेलीच पुन्हा घासायला घेतली. मी दोन तास तिच्याशी भांडले. म्हटलं, पोर नादावली आहे, तिच्या म्हणण्यावर काय जातेस? तर म्हणते, तिचा बाप तिला न विचारता गेला, मी तिला विचारल्याशिवाय जाणार नाही. आणि न विचारता जाणारा तो माझंच कार्टं.

लिफ्टवाल्याला तिने सगळं खरं सांगितलं. दुसरा कुणी असता तर टोपी घालून चालता झाला असता. हा म्हणाला, ठीक आहे, बावीसपर्यंत थांबतो. आणि तो तारक नेमका कोण, कुठे गेलाय, येण्यासारखा आहे का, असं शिंपीणबाईंना विचारून आला. आता कामावरून सुटला की तोही जुने भाग बघतो. पन्नाशीचा माणूस, आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नसेल, आणि हल्ली आकाशातला कुणी परत येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलाय. मीही रोज हात जोडते, तुझ्या देवाला बाहेरच ठेव म्हणून. बघ, केलंस की नाही मलाही भाविक.

परीक्षा नीट दे.

आजी


दि. २५ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू पाहिलं असशीलच. तारक आला.

आमच्या गटात त्या संध्याकाळी नुसता जल्लोष होता. शेकडो माणसांनी मला लिहिलं, तुझं खरं ठरलं. हॉस्टेलच्या मुलींनी मला उचललं. मी पण ओरडले. मग खोलीत येऊन तो भाग परत लावला, आणि काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. तो दारातून आत येतो, त्याच्याभोवती प्रकाश, सगळे गुडघे टेकतात. मध्ये बरीच वर्षं गेलीत, तेव्हा पोटात असलेली त्याची मुलगी आता मोठी झाली आहे, तीही टेकते. तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि पुढे जातो. आजी, तिने त्याला विचारलंच नाही, कुठे होतास. कुणीच विचारलं नाही. त्याची बायको मागे खांबाशी उभी होती, तिला एक वाक्यही दिलेलं नाही. मी तीनदा बघितलं. ती मुलगी टेकते तेव्हा मला तिला धरून उठवावंसं वाटलं.

बाबा आले तर मी पण टेकेन, हे मला तेव्हा कळलं. आणि आई खांबाशी उभी राहील.

माझं हो आहे, आजी. मनापासून. आईला सांग. लिफ्टवाल्या काकांना थांबायला सांग. आईला फोन करायची हिंमत होत नाही म्हणून तुला लिहिते. तिला सांग, मला जे म्हणायचंय ते मी सुट्टीत येऊन बोलेन.

लोभ असेल तर असू दे, नसेल तर मागायचा हक्क मला नाही.

तुझी टिटवी


दि. ३१ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र काल पोचलं. लिफ्टवाला परवा गेला.

फोन करायचा होतास. ऐकू मला येत नाही, तुझ्या आईला येतं.

बावीसच्या संध्याकाळी आम्ही चौघं शिंपीणबाईंच्या खोलीत होतो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्चीत असा ताठ बसला होता, जणू डॉक्टर आतून बाहेर येऊन काही सांगणार आहे. तुझा तारक आला तेव्हा शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग आमची तोंडं बघून हात मांडीखाली घेतले. तो संपेपर्यंत बसला. तुझ्या आईकडे त्याने एकदाच बघितलं. तिने मान खाली घातली. मी तिला चिमटा काढला, तरी खालीच.

परवा सामान लादून निरोप घ्यायला आला. दारात उभा राहून म्हणाला, जातो. मी म्हटलं, असं म्हणू नये, येतो म्हणावं. तर म्हणाला, आजी, खोटं कशाला बोलू. हे मला शब्द न् शब्द ऐकू आलं.

काल तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, आत्ता त्याला फोन लाव, गाडीत बसून जा, मी इथे माझं बघेन. ती म्हणाली, त्या भल्या माणसाला शर्ट इस्त्री करून टीव्हीसमोर बसवलं आपण, स्वतःचा निकाल ऐकायला. आता कुठल्या तोंडाने बोलावू, मुलीचं मत बदललं म्हणून? मी पुष्कळ सांगून पाहिलं. लाज एकदा अंगात शिरली की तिला कुठल्या लिफ्टने बाहेर काढणार?

तुला शिव्या घालायला बसले होते, पण तुझ्या पत्रातल्या त्या खांबाशी उभ्या बाईने हात धरला. तू उशिरा शहाणी झालीस, तुझा बाप तेवढाही झाला नाही. तेव्हा रडत बसू नकोस. सुट्टीत ये, पण आईची माफी मागत तिच्या मागे मागे फिरू नकोस, तिला आणखी एका माणसाची समजूत घालायची ताकद नाही. गुपचूप भाजी चीर.

लोभ आहे. तो तू कमावलेला नाहीस, आणि माझा तो तुटणाराही नाही.

आजी

ता. क. तुझ्या आईने कालपासून मोबाइलवर ‘अठरावं यान’ पहिल्या भागापासून लावलं आहे. कामावरून येते, खोचलेला पदर सोडून बसते, दिवाही लावत नाही. आज मला विचारत होती, तो परत कितव्या भागात येतो. मी ऐकू न आल्यासारखं केलं.