अंशुमनच्या वाट्याचे वीस हजार पौंड

मी, धम्मशीला रामटेके, वय अडुसष्ट, निवृत्त नर्स, राहणार नॉटिंगहॅम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझी मुलगी ऋजुता हिला. त्यावर वीस हजार पौंडांचे मॉर्गेज आहे. ते माझ्या उधळपट्टीचे नाही. आमच्या ओळखीतल्या निवेदिताच्या जेवणाच्या डब्यांच्या कंपनीला बँकेने साठ हजारांचे कर्ज दिले, तेव्हा माझी मैत्रीण द्रौपदी, माझा भाऊ अंशुमन आणि मी जामीन राहिलो. वकिलाने बजावले होते, आम्ही माना डोलावल्या. मनात मात्र जयंतीच्या वर्गणीचा हिशेब: तिघे आहोत, प्रत्येकी वीस. कंपनी बुडाली आणि बँकेने सगळे साठ एकट्या माझ्याकडून घेतले. इथे प्रत्येक जामीनदार पूर्ण रकमेला बांधलेला असतो. बँक सोयीचा धरते. माझी शिल्लक गेली, उरलेल्यासाठी घर गहाण टाकले.

२. पण ज्याने सगळे भरले, त्याला इतरांकडून त्यांचा वाटा मागता येतो, हाही इथलाच कायदा. द्रौपदीने न मागता वीस हजार आणून दिले; ते मॉर्गेजात भरले, उरले ते अंशुमनचे वीस. माझी सोन्याची साखळी आणि शिलाई मशीन तिला. अंशुमन म्हणाला, "ताई, बँकेनं मला लेटरच पाठवलं नाही. माझं मॅटर क्लोज आहे." आणि बेसिंगस्टोकच्या घरात नवे किचन बसवले. मला त्याचा राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी द्रौपदीने करावी. अंशुमनचा वाटा कायद्याने दिलेल्या मुदतीत, लागल्यास कोर्टातून वसूल करून मॉर्गेज फेडावे, नाहीतर ऋजुताला घर विकावे लागेल. हे काम ऋजुताकडे देत नाही. ती म्हणते, "आई, लेट इट गो ना, मामा आपला फॅमिली आहे."

४. साक्षीदार म्हणून मुद्दाम अंशुमनलाच बोलावले आहे. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काहीच मिळत नाही, कर्जाची माफीसुद्धा नाही. उद्या कोणी म्हणायला नको, ताईने जाताना सोडून दिले. वरचे सगळे त्याला वाचून दाखवले. त्याने विचारले, "ताई, ह्या सहीनं मी अडकत तर नाही ना?"

"नाही. सुटतही नाहीस."

पेन माझे आहे, सही झाल्यावर परत करावे.

(सही) धम्मशीला रामटेके

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
(सही) मीनल पाटणकर, शेजारीण
(सही) अंशुमन गजभिये, बेसिंगस्टोक

नॉटिंगहॅम, १५ मार्च २०२५