बाईने ठासलेली बंदूक

मी, श्रीमती चांगुणा पुंजा गामणे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे करंजवाडी, तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून वळवलेलेही नाही. मी वळण्यातली असते तर घरच्यांनी मला केव्हाच वळवले असते. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तो नेम धरायचा डोळा नव्हे. डॉक्टर चैताली बोरस्ते यांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. गावातले राहते घर मुलगा दिनेश यास द्यावे. तो नाशिकला नोकरीला असतो, वर्षातून चार वेळा येतो, आला की पंखा नीट चालत नाही म्हणतो. आता पंखाही त्याचाच.

२. माझ्या नावची द्राक्षबाग, विहीर आणि डोंगराकडचा मक्याचा तुकडा सून स्नेहल दिनेश गामणे हिला द्यावा. दिनेश रागावेल. छाटणीला मजूर कोण जमवते, फवारणीचा ट्रॅक्टर कोण चालवते, हे त्याने एकदा चारचौघांत सांगावे आणि मग खुशाल रागवावे.

३. बँकेतली ठेव नात सायली हिच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी नव्हे. वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. मी म्हटले, गरज तुम्हाला नसेल, मला आहे. आमच्या घरात मुलीला शिकवायचे म्हटले की सगळ्यांना तिचे लग्न आठवते.

४. आता मुख्य गोष्ट. माझ्या मालकीची एकनळी ठासणीची बंदूक, पीक संरक्षण परवान्यावरची, मी सून स्नेहल हिलाच देते. परवाना मृत्युपत्राने देता येत नाही, तो सरकार देते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी गेल्यावर बंदूक लगेच पोलीस ठाण्यात जमा करावी, पावती घ्यावी आणि स्नेहलने आपल्या नावे अर्ज करावा. माझ्या परवान्यावर राखणदार म्हणून तिचे नाव मीच घातलेले आहे. अर्ज फेटाळला तर पुन्हा करावा. माझे यजमान २००४ साली वारले, त्यानंतर मला परवान्यासाठी तीन वर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तिथला एक साहेब हसून म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला? घरात बाप्या माणूस नाही का?" तेव्हा मी पंचावन्नचीसुद्धा नव्हते. मी म्हटले, "बाप्या हाय, पण त्याला आवाजाची भीती वाटते." हे खोटे नव्हते. दिनेश लहानपणी बार उडाला की कणगीमागे लपत असे.

ही बंदूक दीर कोंडाजी गामणे यांनी आपला मुलगा रोहित याच्यासाठी मागितली आहे. जत्रेला पालखी निघताना पहिला बार उडवायचा मान आमच्या घराण्याचा, आणि मान बाईकडे जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. दिनेशनेही ना-हरकत लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. मी दोघांना साफ सांगते, नाही म्हणजे नाही. मी अठरा वर्षे त्या बंदुकीने रानडुकरे पळवली, बागेवरची पाखरे उठवली. नुसत्या दारूचा बार, छर्रा कधी घातला नाही. एक जीव गेला नाही, एक पीक गेले नाही. रोहितला ती खांद्यावर ठेवून मोबाईलवर फोटो टाकायचे आहेत. त्यासाठी त्याने लाकडाची करून घ्यावी.

५. बंदूक कशी ठेवायची ते स्नेहलला येते, तरी लिहिते. एक माप दारू, वर कोरड्या चिंधीचा बोळा, गजाने तीनदा ठासायचे. ठासून झाली की घोड्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कोणीही, देव जरी आला तरी, पुन्हा भरायची नाही. ज्याने ठासली त्यानेच सोडायची. ही आमच्या घरची रीत. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवायचा. आळस करायचा नाही. स्नेहल आळशी नाही, हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

६. हे कलम काढून टाका असे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितले. काढणार नाही.

१९८९ च्या चैत्रात जत्रेच्या दिवशी नळी बुडाशी फाटली आणि माझे यजमान पुंजा यांच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली. त्या सकाळी रीत मोडून बंदूक मी ठासली होती, कारण यजमानांच्या अंगात ताप होता. सगळ्या गावाने म्हटले, बाईने ठासली म्हणून फुटली. आजही म्हणतात. स्नेहलने अर्जाचा विषय काढला तेव्हा दिनेश मला म्हणाला, "आई, तुझ्या हातानं बाबांची बोटं गेली. आता हिची घालवायचीत का?" छत्तीस वर्षे मी गावाचे ऐकले, ते सोसले. माझ्या पोटच्या पोराचे हे एक वाक्य मला सोसलेले नाही.

मी एकच माप ठासले होते आणि लाल चिंधी बांधली होती. ती चिंधी सोडून कोंडाजी भाऊजींनी पुन्हा दारू भरली. मित्रांसमोर बार मोठा व्हावा म्हणून. दवाखान्याच्या पायरीवर माझे पाय धरून ते रडले, "वहिनी, दोनच मापं टाकली हो!" पंधरा दिवसांवर त्यांचे लग्न होते. यजमान शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "चांगुणे, त्याचं ठरलेलं मोडंल. तू बोलू नको." मी बोलले नाही. मालेगावच्या हारुन मिस्त्रींनी नवी नळी बसवताना फाटलेली नळी हातात घेऊन विचारले होते, "भाभी, ये एक बार की ठासी हुई नहीं है. किसने भरी?" मी त्यांनाही म्हटले, "मीच."

यजमान गेल्यावर तरी भाऊजी बोलतील असे वाटले होते. ते बोलले नाहीत, उलट आता मानाच्या गोष्टी करतात! मला त्यांची बदनामी करायची नाही. माझी झालेली मात्र मला माझ्यासोबत न्यायची नाही.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा कायदा आहे. भाऊजींना मला काही द्यायचे नव्हतेच, म्हणून दुसरे साक्षीदार तेच. त्यांनी संपूर्ण वाचून सही करावी. सही केली नाही तर ती जागा कोरी ठेवावी, दुसऱ्या कोणाचे नाव तिथे घालू नये, आणि वकीलसाहेबांनी तिसरा साक्षीदार खाली घ्यावा. दिनेशला ती कोरी जागा दाखवावी.

८. माझ्या अंत्ययात्रेत बार उडवू नये. तोवर बंदूक ठाण्यात पोचलेली असली पाहिजे.

हे मी लिहवून घेतले, वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे. अंगठा उठवणार नाही, सही करते.

(सही) चांगुणा पुंजा गामणे
ठिकाण : दिंडोरी. दिनांक : ११ डिसेंबर २०२५

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली :

साक्षीदार १ : (सही) डॉ. चैताली बोरस्ते, दिंडोरी

साक्षीदार २ : (सही) कोंडाजी गामणे, करंजवाडी
सर्व वाचले. कलम सहामध्ये दुरुस्ती हवी. मापे दोन नव्हती, चार होती. वहिनींना मी तेव्हाही कमीच सांगितले. बाकी लिहिले आहे ते खरे आहे.